बर्थ प्लॅन: आठ महिने वापरल्यानंतर

पहिल्या वेळी मला सिझरला नेलं तेव्हा कुणी काही सांगितलं नव्हतं. सहीसाठी कागद पुढे आला, नवरा बाहेर राहिला आणि बाळ मला दुसऱ्या दिवशी दुपारी दिसलं. ते हॉस्पिटल ज्या रस्त्यावर आहे तो टाळायला मी दादरला उतरून बस बदलायचे. त्यामुळे पुन्हा दिवस राहिल्यावर आनंदाआधी धडकीच भरली.

बाळंतपणात काय हवं, काय नको ते आधीच लिहून ठेवायचं, तो बर्थ प्लॅन. त्याचा इंटरनेटवरून उतरवलेला तयार फॉर्म पंधरा दिवसांत बाजूला ठेवला. मंद दिवे, गाणी असले रकाने. माझी भीती त्यात कुठेच बसत नव्हती. मग वहीच्या पानावर स्वतःच लिहिलं. पहिली ओळ: "काहीही करण्याआधी मला सांगा."

पण त्याआधी जुनी फाइल मिळवा, हे मी कळकळीने सांगते. 2002 च्या वैद्यकीय नियमांप्रमाणे मागितल्यावर 72 तासांत कागद द्यायचे असतात, आणि ते सांभाळायचं बंधन 3 वर्षांचंच आहे. त्यातले माझे पाच महिने उरले होते. चार फेऱ्या मारल्या. फाइलमध्ये लिहिलेलं होतं की बाळाच्या हृदयाचे ठोके कमी झाले होते. इतकी वर्षं मी समजत होते, मलाच कळा सोसल्या नाहीत. त्या दिवशी घरी येऊन खूप रडले.

नव्या डॉक्टरांनी त्याच कागदांवरून सांगितलं, गर्भाशयावरचा छेद खालच्या बाजूला, आडवा आहे. नॉर्मलचा प्रयत्न करता येईल. असा प्रयत्न करणाऱ्या 100 पैकी साधारण 60 ते 80 जणींना जमतं. जुनी जागा फाटण्याचा धोका 200 त सुमारे एक, म्हणून ऑपरेशन थिएटर आणि रक्त लगेच मिळेल असंच हॉस्पिटल हवं. माझ्या पानावरची "मॉनिटर (बाळाचे ठोके दाखवणारं यंत्र) सतत नको" ही ओळ त्यांनी खोडली आणि का खोडली तेही समजावलं. मला ते पटलं.

कळा नऊ तास दिल्या. बाळाचे ठोके पुन्हा कमी होऊ लागले. डॉक्टर उशाशी आल्या, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाल्या, "आता सिझर करूया. तुमचं काय म्हणणं?" मी हो म्हणाले. नवरा डोक्याशी होता. बाळाचा ओला गाल माझ्या गालाला लावला, तेव्हा तिचा रडण्याचा आवाज माझ्या कानातच होता.

उणिवाही आहेत. रात्रपाळीच्या सिस्टरने पान पाहिलंच नव्हतं, ते फाइलच्या तळाशी होतं. तीन प्रती करा, एक नवऱ्याच्या खिशात ठेवा. आणि घरी आल्यानंतरचं मी काहीच लिहिलं नव्हतं. तिसऱ्या आठवड्यात जुनं स्वप्न पुन्हा पडू लागलं. रात्री दोनला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर फोन केला, मराठीत बोलता आलं.

तो नंबर आता पानाच्या मागे लिहिलाय. पान नणंदेकडे आहे, तिला सातवा लागलाय.