पंचमाच्या तंबोऱ्यात मध्यम कोण वाजवतंय?

मिरजेत माझी एक खोली आहे, वर पत्रा. सतार-तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग आणि लग्नाचं व्हिडिओ एडिटिंग, दोन्ही तिथंच चालतं. एप्रिलमध्ये एडिटिंगला बसलं की प्रोसेसर 92 अंशांवर जायचा. कॅबिनेटचे पंखे बदलायचे ठरवलं. मला ते बिनआवाजाचे हवे होते, कारण माइक तिथून चार हातांवर असतो.

सांगलीतल्या एका दुकानदारानं एका नावाजलेल्या परदेशी कंपनीचा 120 मिमीचा पंखा दाखवला. "दादा, पक्कं बिल केलं तर एक 2300 ला पडेल. नाहीतर 850. माल तोच." एकाच्या किमतीच्या आसपास तीन येतायत म्हटल्यावर माझी अक्कल चरायला गेली. 2550 रोख मोजले. मिळाली ती वहीच्या कागदाची चिठ्ठी: 'फॅन 3 नग, पेड'. ना शिक्का, ना दुकानाचं नाव.

खोकं मात्र देखणं. त्यावर 1200 आरपीएम (मिनिटाला फेऱ्या), 20 डेसिबल (आवाज), 95 सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा ढकलतो). हे तीन आकडे एकत्र बघूनच मला शंका यायला हवी होती. 120 मिमीचा पंखा 1200 फेऱ्यांत एवढी हवा ढकलत नाही. शिवाय सीएफएमचा कमाल आकडा पुढं काहीही आडवं नसतानाचा असतो. जाळी आणि धूळगाळणी मध्ये आली की हवा रेटायला दाब लागतो आणि तो आकडा खाली येतो. दाबाचा आकडा या खोक्यावर नव्हताच.

घरी बसवताना आणखी एक गोष्ट दिसली होती, तीही मी सोडून दिली. कनेक्टरला भोकं चार, आत वायरी दोनच, लाल आणि काळी. तिसरी वायर मदरबोर्डला वेग कळवते, चौथीवरून वेग कमी-जास्त होतो. त्या दोन्ही नाहीत म्हणजे आपण होऊन व्होल्टेज उतरवलं नाही तर पंखा सतत पूर्ण 12 व्होल्टवर पळणार, आणि बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पडद्यावर) वेगाच्या जागी शून्य. मला वाटलं, बोर्ड जुना आहे, वाचता येत नसेल.

मग आमचे शेजारचे चाचा आले. तंबोरे बनवण्यात त्यांची हयात गेली. नुकती जवारी काढलेला (तारेखालची घोडी घासून झणकार आणलेला) काळी चारचा, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीला सा असलेला, तंबोरा गिऱ्हाइकाला ऐकवायला रेकॉर्ड करायचा होता. पंचमात लावलेला, म्हणजे पहिली तार पंचमाची; मध्यमाची तार त्यात नसते. मी हेडफोन त्यांच्या कानाला दिला. ऐकता ऐकता त्यांच्या कपाळावर आठी आली.

"पंचमाचा तंबोरा हाय बेटा, ह्यात मध्यम कोण वाजवतंय?"

तंबोरा आडवा ठेवला, तरी मध्यम चालूच. चाचांनी कॅबिनेटला कान लावला. "काळी एक. आणि तिन्ही तारा नीट मिळवल्या नाहीत, लहर येतीय." काळी चारचा मध्यम म्हणजेच काळी एक. पंख्यांचे वेग किंचित वेगळे होते, म्हणून तो वाव-वाव.

मी दोन पंख्यांची वायर काढली आणि मोबाइलवर ट्यूनर लावला. 277 हर्ट्झ, काळी एकच. पात्यांनी हवा कापल्याचा सूर म्हणजे पाती गुणिले सेकंदाच्या फेऱ्या. पाती नऊ. 277 गुणिले 60, भागिले 9: मिनिटाला सुमारे 1850 फेऱ्या! खोक्यावरचे 1200 खरे असते तर सूर 180 हर्ट्झला, बराच खाली लागला असता. 1200 चे 1850 झाले की आवाज ढोबळ हिशोबानं नऊ-दहा डेसिबलनं वाढतो, म्हणजे कानाला जवळपास दुप्पट. त्यात तीन सारखे पंखे म्हणजे आणखी पावणेपाच. खोक्यावरचा आकडा खरा असला तरी तो एकाच पंख्याचा असतो, हेही माझ्या डोक्यात नव्हतं.

थंडावा दिला नाही असं नाही, खोटं कशाला बोलू. 92 चे 81 झाले. पण बायोसमधून व्होल्टेज उतरवून सूर 180 वर आणला, तर तापमान पुन्हा 88.

दुकानात गेलो. ट्यूनरची गोष्ट ऐकून तो हसलाच. "पट्टी बघायला घेतला होता का पंखा? फिरतोय ना?" चिठ्ठी दाखवली तर म्हणाला, हे अक्षर आमचं नाही. ग्राहक हेल्पलाइनला, 1915 ला, फोन केला. त्यांनी पहिल्यांदा बिल मागितलं. माझ्याकडं काय होतं, वहीचा कागद. पैसे निदान यूपीआयनं दिले असते तरी एक नोंद राहिली असती.

आता दुसरीकडून दोनच पंखे घेतले, पक्क्या बिलावर, चार वायरींचे. दुकानातच एका मशिनला लावून बायोसमध्ये आरपीएम बघितला आणि मग पैसे दिले. दुकानदार जरा वैतागला, वैतागू दे. 1100 वर चालतात, तापमान 83, माइकमध्ये काही येत नाही. ते त्या नावाजलेल्या कंपनीचेही नाहीत, एक 700 ला पडला. म्हणजे दोन खरे 1400 चे, आणि तीन खोटे 2550 चे.

खोट्यांपैकी एक चाचांनी नेला, भोपळ्यावरचं पॉलिश वाळवायला. जुन्या 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर लावलाय. दुपारी त्यांच्या खोलीवरून गेलं की काळी एक ऐकू येते.