रीफ टँकसाठी १०० एमएम मॅक्रो: होळीपासून दिवाळीपर्यंतचा वापर

रीफ टँकच्या, म्हणजे कोरल आणि समुद्री मासे असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टँकच्या, फोटोंसाठी लेन्स घ्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो एफ-नंबरचा (लेन्सचं छिद्र किती उघडतं याचा) आणि दुसरा झूमचा. मला विचाराल तर पहिला प्रश्न अंतराचा हवा. लेन्सच्या तोंडापासून किती लांबची वस्तू ती पूर्ण आकारात, म्हणजे सेन्सरवर १:१, टिपते? फोटोग्राफीवाले याला वर्किंग डिस्टन्स म्हणतात. टँकपुढे उभं राहिलं की बाकी सगळ्या गोष्टी या एका आकड्यावर येऊन थांबतात. कॅननची ईएफ १०० एमएम एफ/२.८ एल आयएस मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी लेन्स) मी होळीच्या सुमारास घेतली, आता दिवाळी तोंडावर आहे. मधल्या काळात कॅमेऱ्याबरोबर येणारी किटची १८-५५, ५० एमएम एफ/१.८, एक्स्टेन्शन ट्यूब (लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे बसणारी पोकळ नळी) आणि मैत्रिणीची ६० एमएम मॅक्रो हे सगळं याच टँकवर वापरून झालंय.

कॅमेरा कॅनन २०० डी, म्हणजे क्रॉप (लहान आकाराचा) सेन्सर. टँक ३ फूट लांब, समोरून मागे दीड फूट, काच १० एमएमची. आत झोआ, मशरूम, एक टोडस्टूल लेदर (ही तिन्ही कठीण सांगाडा नसलेली कोरल), ऑसेलॅरिस क्लाउन माशांची जोडी आणि क्लीनर श्रिंप ही कोळंबी. खडक बांधणारी कठीण कोरल माझ्याकडे नाहीत आणि आणणारही नाही. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये ती सगळी येतात, म्हणजे वाघाच्या रांगेत. झोआ-मशरूममध्येच इतके रंग आहेत की फोटो काढणाऱ्याला कमी पडत नाहीत.

आता अंतराचं गणित. १०० एमएम मॅक्रो ३० सेंमीवर १:१ देते असं लिहिलेलं असतं, पण ते अंतर सेन्सरपासून मोजलेलं असतं. त्यातून लेन्सची १२ सेंमीहून थोडी जास्त लांबी आणि माउंटपासून सेन्सरपर्यंतचे ४४ एमएम वजा केले की लेन्सच्या पुढे उरतात साधारण १३ सेंमी. इथे पाणी आपल्या मदतीला येतं. पाण्याचा अपवर्तनांक १.३३, त्यामुळे सरळ समोरून पाहिलं तर पाण्यातली वस्तू असते त्याच्या पाऊण अंतरावर दिसते. लेन्स काचेला टेकवली, काचेच्या जाडीचे काही मिलिमीटर सोडले, तरी काचेच्या आत १६-१७ सेंमीवर बसलेला पॉलिप (कोरलमधला एकेक फुलासारखा जीव) पूर्ण आकारात मिळतो. माझ्या पुढच्या खडकांवरचे झोआ बरोबर या पट्ट्यात येतात. निम्म्या आकारावर समाधान असेल तर मागचे खडकही हाताशी येतात.

हेच गणित ईएफ-एस ६० एमएमला लावलं की १:१ चं अंतर २० सेंमी, लेन्स ७ सेंमीची, पुढे उरतात साडेआठ, पाण्यात त्याचे होतात साडेदहा. नागपूरच्या गोकुळपेठेतल्या माझ्या मैत्रिणीचा टँक दीड फुटाचा, खडक काचेच्या अगदी जवळ. तिच्याकडे ६० एमएम सुरेख चालते. हलकी आहे, हातात धरून तासभर काम करता येतं, आणि शार्पनेसमध्ये मला तिच्यात नि माझ्या लेन्समध्ये शोधूनही फरक सापडला नाही. तीच लेन्स माझ्या टँकवर आणली तर झोआ फ्रेममध्ये लहानच राहिले. लेन्समध्ये काही कमी नव्हतं, माझे खडक लांब होते. म्हणून कुणी विचारलं की मी आधी सांगते, घरी जाऊन टेपने मोज, तुझं आवडतं कोरल काचेपासून किती आत आहे. ते १० सेंमीच्या आत असेल तर १०० वर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. नायकॉन, टॅमरॉन, टोकिना कुठल्याही ९०-१०५ च्या मॅक्रोला हाच हिशेब लागू पडतो, फक्त लेन्सची लांबी बघून वजाबाकी करायची. काही लेन्स जवळ फोकस करताना पुढे वाढतात, तिथे वाढलेली लांबी धरायची.

लेन्स काचेला काटकोनात असली पाहिजे, हे वाचून सगळ्यांना माहीत असतं, पण किती काटेकोर असावी हे वापरल्यावरच कळतं. मॅक्रोमध्ये जरा तिरपं झालं की पांढऱ्या कडांवर जांभळी-हिरवी किनार येते आणि तपशील पुसट होतो. क्लीनर श्रिंपच्या पांढऱ्या मिशा याची उत्तम परीक्षा घेतात. सरळ धरलेल्या फोटोत मिशी एका रेषेत स्वच्छ दिसते, तिरप्या फोटोत तिच्या दोन रेषा होतात. लेन्सला ६७ एमएमचा घडीचा रबरी हूड लावून तो काचेवर हलका दाबला की दोन कामं होतात, काटकोन आपोआप साधतो आणि खोलीतल्या ट्यूबलाइटचं प्रतिबिंबही जातं. ॲक्रिलिकच्या टँकवर प्लास्टिकचा हूड टेकवू नका, चरे पडतात.

एफ/२.८ बद्दल. मॅक्रोत तो आकडा व्ह्यूफाइंडर उजळ दिसण्यापुरता कामाचा. क्रॉप सेन्सरवर १:१ ला एफ/८ ठेवलं तरी फोकसची खोली जेमतेम ०.६ एमएम मिळते. उघडलेल्या झोआचं तोंड आणि कडेचे टेंटॅकल यांच्यातच याहून जास्त उंच-सखल असतं. म्हणून मग एफ/१६ वर जावं, तर १:१ ला छिद्र प्रत्यक्षात दुपटीच्या आकड्यासारखं वागतं, एफ/३२ इतकं, आणि डिफ्रॅक्शनने (बारीक छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळंच मऊ पडतं. मला जमलेला मार्ग असा: निम्म्या आकारात, एफ/८ ते एफ/११ वर काढायचं आणि नंतर क्रॉप करायचं. २४ मेगापिक्सेलमध्ये तेवढी जागा असते. पाणी फिरवणारे रिटर्न पंप आणि वेव्हमेकर बंद, ट्रायपॉड, आयएस (हाताची थरथर सावरणारी यंत्रणा) बंद, लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं चित्र) दहापट मोठा करून हाताने फोकस, २ सेकंदांचा टायमर. पंप बंद केल्यावर पाण्यातला कचरा खाली बसायला पाच-दहा मिनिटं द्यावी लागतात. पंप ज्या प्लगवर आहे तिथे टायमर लावून घ्या, म्हणजे फोटोंच्या नादात तो बंद राहून जात नाही.

या लेन्सने मला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट सुंदर फोटो नाही. जूनमध्ये हिरव्या झोआंची एक वसाहत उघडेनाशी झाली. पाण्याच्या चाचण्या ठीक, सलिनिटी (विशिष्ट गुरुत्व) १.०२५, उजेड तोच. नुसत्या डोळ्यांनी काही दिसत नव्हतं. १:१ ला फोटो काढून स्क्रीनवर मोठा केला, तर दोन मिटलेल्या पॉलिपच्या मधे टेंटॅकलचा एक झुपका दिसला. पण पॉलिपचे टेंटॅकल चकतीभोवती गोल असतात, आणि हे ओळीने, एका लांबट अंगावर उभे होते. ती झोआ खाणारी न्यूडिब्रँक, म्हणजे शंख नसलेली समुद्री गोगलगाय, होती. ती जे झोआ खाते त्याचेच रंग तिच्या पाठीवरच्या बोटांमध्ये उतरतात, त्यामुळे ती वसाहतीत अगदी मिसळून जाते. दुसऱ्या फोटोत खडकाच्या खालच्या अंगाला पांढऱ्या अंड्यांची गुंडाळी सापडली. कोरल डिपने (कीड पाडणाऱ्या द्रावणात कोरल बुडवून) न्यूडिब्रँक सुटून पडतात, अंडी मात्र तगतात, ती खरवडूनच काढावी लागतात. कुठे खरवडायचं ते फोटोनेच दाखवलं. पुढचे काही आठवडे मी रोज तोच कोपरा टिपत होते, आणि ती वसाहत आज पूर्ण उघडते. झोआ हाताळताना हातमोजे आणि चष्मा घालाच. काही झोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं आणि ते फार विषारी आहे. फोटोसाठी फ्रॅग (कोरलचा तोडलेला तुकडा) काचेजवळ आणतानाही हे पाळा.

माशांसाठी लेन्सच्या अंगावरचं फोकस लिमिटरचं बटण महत्त्वाचं. ०.३ ते ०.५ मीटर, ०.५ पासून अनंतापर्यंत, आणि पूर्ण, असे तीन पर्याय आहेत. क्लाउन टिपताना ०.५ च्या पुढचा पर्याय ठेवला की लेन्स जवळच्या टोकाला जाऊन हरवत नाही. शटर १/१२५ ते १/२५०, आयएसओ १६०० किंवा गरज पडल्यास ३२००, पंप चालू असले तरी चालतं. क्लाउन आपल्या जागेभोवतीच घुटमळतो, त्यामुळे एका जागी लेन्स रोखून वाट पाहिली की तो येतोच.

पूर्ण टँकच्या फोटोसाठी ही लेन्स ठेवून द्या. इथे माझ्याकडे स्वस्तातली ५० एमएम एफ/१.८ जिंकली. १८ एमएमवर ३ फुटी टँक फ्रेममध्ये बसवायला पाऊण मीटरवर उभं राहावं लागतं, आणि मग कडेचे किरण ३० अंशांहून जास्त तिरपे येतात, म्हणून कोपरे फाटल्यासारखे दिसतात. ५० एमएमने २ मीटर मागे गेलं की तोच तिरपेपणा १२-१३ अंशांवर येतो. आमच्या हॉलमध्ये त्यासाठी सोफा सरकवावा लागतो, पण फरक कोपऱ्यातल्या खडकावर लगेच दिसतो. एफ/५.६, खोलीतले दिवे बंद, पडदे ओढलेले.

एक्स्टेन्शन ट्यूब स्वस्त आहेत आणि ५० एमएमवर लावल्या तर खरोखर मॅक्रोच्या जवळ नेतात. चित्रही चांगलं येतं. मला त्या पटल्या नाहीत कारण ट्यूब लावली की लांबचा फोकस जातो. झोआवरून माशाकडे वळायचं तर ट्यूब काढा, पुन्हा लावा, आणि हे सगळं खाऱ्या पाण्याच्या शेजारी कॅमेऱ्याचं तोंड उघडून. महिन्यातून एकदा काढणाऱ्याला चालेल.

निळ्या उजेडावर लेन्सचा इलाज नाही हेही सांगते, कारण महाग लेन्स घेतली की रंग सुधारतील असं बऱ्याच जणांना वाटतं. ४५० नॅनोमीटरच्या आसपासचे रॉयल ब्लू एलईडी जोरात असले की निळा चॅनेल आधीच भरून जातो आणि साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ते दाखवत नाही. आरजीबी हिस्टोग्राम उघडा, निळा उजवीकडे आदळू देऊ नका. फोटोच्या वेळी पांढरे एलईडी वाढवा, वाळूवर पांढरं प्लास्टिक ठेवून कस्टम व्हाइट बॅलन्स घ्या, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढा. फक्त निळ्यात चमकणारे रंग हवे असतील तर लेन्सपुढे पिवळा फिल्टर लागतोच. लाइट मंद केल्यावर काही फिटिंग वेगाने लुकलुकतात आणि फोटोत आडवे पट्टे येतात, तेव्हा शटरचा वेग कमी करा किंवा लाइट पूर्ण ठेवा.

नागपूरसाठी थोडं वेगळं लिहायला हवं. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे, हवा कोरडी, टँकमधलं पाणी भराभर उडतं आणि रोज आरओचं पाणी भरावं लागतं. त्याच हॉलमध्ये कूलर चालू असतो आणि त्याची हवा दमट. बेडरूममधल्या एसीत थंड झालेली लेन्स थेट कूलरच्या हॉलमध्ये आणली तर पुढच्या काचेवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, बॅगेत बंद ठेवूनच बाहेर आणा आणि अर्धा तास थांबा. वापर नसेल तेव्हा लेन्स सिलिका जेलच्या हवाबंद डब्यात. कूलरचा उन्हाळा आणि मग पावसाळा, म्हणजे बुरशीला सलग चार-पाच महिने मिळतात. बर्डीच्या बाजारात किंवा ऑनलाइन जुनी लेन्स घेणार असाल तर मोबाइलचा टॉर्च मागून टाकून आत जाळी दिसते का ते बघूनच पैसे द्या. मिठाचा शिंतोडा उडाला तर कोरड्या कापडाने घासू नका, मिठाचे कण कोटिंगवर ओरखडे काढतात. डिस्टिल्ड वॉटरने ओलसर केलेलं मऊ कापड आधी, कोरडं नंतर.

अलीकडे मी वरून फोटो काढायला लागलेय. मशरूम आणि झोआ वरच्या उजेडाकडे तोंड करून असतात, त्यांचा खरा रंग वरूनच दिसतो. पण हलत्या पाण्यातून काहीच मिळत नाही. त्यासाठी ॲक्रिलिकचं काम करणाऱ्या दुकानातून चौकोनी डबा करून घेतला, तळ सपाट आणि पारदर्शक, भिंती लेन्सपेक्षा उंच. तो पाण्यात दोनेक सेंमी बुडवायचा आणि लेन्स आत सोडायची. ट्रायपॉड इथे चालत नाही, म्हणून आयएस पहिल्यांदा खऱ्या अर्थाने उपयोगी पडलं. १:१ ला ते दोनच स्टॉप वाचवतं (एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडं ठेवता येणं), निम्म्या आकारात तीन, आणि पंप बंद ठेवून १/१६० वर पाचातला एखादा फोटो धारदार मिळतो. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्यातच हवा. डबा सरळ खाली दाबला तर तळाखाली बुडबुडे अडकतात, तेव्हा एक कड आधी पाण्यात घालून तो तिरपा उतरवायचा आणि मग सपाट करायचा.