टॅब्लोमधील थरांची वर्तुळे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेले आठ महिने दादरच्या एका छोट्या कार्यालयात मी मुंबईच्या मतदारसंघांची माहिती टॅब्लो या आलेख काढण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडत आहे आणि त्यातला बराचसा वेळ एकात एक बसणाऱ्या वर्तुळांवर गेला आहे. दुहेरी अक्षावर, म्हणजे एका आलेखावर दुसरा चढवण्याच्या सोयीत, दोनच पाय-चार्ट बसतात. तिसरे कडे हवे असेल तर २०२०.४ या आवृत्तीपासून आलेले नकाशाचे थर आडवळणाने कामी येतात. मेकपॉइंट या फंक्शनला अक्षांश आणि रेखांश दोन्ही शून्य द्यायचे, त्याच बिंदूवर मोठ्यापासून लहानापर्यंत पाय-चार्ट चढवायचे आणि सर्वांत वर पांढरी टिकली ठेवायची. पार्श्वभूमीचा नकाशा काढेपर्यंत अख्खी मुंबई आफ्रिकेजवळच्या समुद्रात तरंगत असते, ती गंमत वेगळीच.

माझ्या आलेखात आत २ जिल्हे, मध्ये लोकसभेचे ६ आणि बाहेर विधानसभेचे ३६ मतदारसंघ आहेत. विधानसभेच्या प्रत्येक जागेला १० अंश मिळतात, त्यामुळे शहर जिल्ह्याच्या १० जागांना १०० आणि उपनगराच्या २६ जागांना २६० अंश येतात, आणि चूक झालीच तर ती नुसत्या नजरेला सापडते. माझी चूक अशीच सापडली. बाहेरचे कडे मी मतदारसंघांच्या अधिकृत क्रमांकाने लावले होते. दक्षिण मध्य मुंबईतील अणुशक्तीनगर १७२ आणि चेंबूर १७३, पण त्याच लोकसभेतील धारावी थेट १७८. मधले कुर्ला, कलिना आणि वांद्र्याचे दोन्ही मतदारसंघ उत्तर मध्य मुंबईचे आहेत. त्यामुळे बाहेर दक्षिण मध्य दुभंगली आणि मधल्या कड्यात मात्र अखंड राहिली, कारण एका थराला दुसऱ्याचा पत्ता नसतो. क्रम आपणच सांभाळायचा असतो.

शेवटी मूळ एक्सेल पत्रकात १ ते ३६ असा स्वतःचा रकाना घातला. आता दक्षिण मुंबईच्या सहा जागांनंतर माहीम, वडाळा, सायन कोळीवाडा, धारावी येतात, बरोबर १०० अंशांवर जिल्ह्याची हद्द पडते आणि तिच्या पलीकडे चेंबूर व अणुशक्तीनगर. एका लोकसभेच्या पोटातून जाणारी ही हद्द एक्सेलच्या सनबर्स्ट या तयार कड्यांच्या आलेखात अशी दिसत नाही; तिथे जिल्हा मुळाशी घेतला की दक्षिण मध्यचे दोन तुकडे होतात.

आकाराच्या सरकपट्टीवर आकडे नसल्याने कड्यांची जाडी अंदाजाने ठरवावी लागते, म्हणून डॅशबोर्डचे माप आधीच कायम करावे. पांढऱ्या टिकलीच्या थराची निवड बंद करावी. नकाशा सरकवण्याची मुभा काढायला मी एकदा विसरलो आणि ऐन बैठकीत माउसचे चाक फिरताच कडी पडद्याबाहेर गेली.

मतदारसंख्येची तुलना मात्र मी या आलेखात करत नाही. १० अंशांचा तोच तुकडा बाहेरच्या कड्यात आतल्यापेक्षा लांब दिसतो. त्यासाठी शेजारी साधा पट्ट्यांचा आलेख ठेवला आहे.