ताडोबा की पेंच? दिवाळीनंतर पुण्याहून गाडी काढणाऱ्यांसाठी

पावसाळ्यात बंद असलेली जंगलं १ ऑक्टोबरपासून उघडायला लागतात आणि आमच्या ओळखीत दरवर्षी तोच प्रश्न सुरू होतो. दिवाळीनंतर पाच-सहा दिवस मोकळे आहेत, गाडी घरचीच न्यायची आहे, तर ताडोबा की पेंच? मी दोन्ही केलंय. एका वर्षी ताडोबा, पुढच्या वर्षी पेंच. दोन्ही वेळा नोव्हेंबरात, दोन्ही वेळा पुण्यातून स्वतः गाडी चालवत, सोबत बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि माझी आई. जंगलाचा मी अभ्यासक नाही, त्यामुळे पुढे जे लिहितोय ते एका कुटुंबाच्या अनुभवाएवढंच धरा.

रस्त्याबद्दल आधी, कारण तिथे दोघांत फारसा फरक नाही. पुण्यातून निघताना वाघोली, शिक्रापूर, रांजणगाव हा पट्टा उजाडायच्या आत मागे टाकायचा. आम्ही दोन्ही वेळा पहाटे चारला निघालो. छत्रपती संभाजीनगरला समृद्धी महामार्ग धरला की पुढे प्रश्न उरतो तो फक्त डोळे उघडे ठेवण्याचा. सरळ रस्त्यावर एकाच वेगात दोन तास गाडी चालवली की गुंगी येते, आणि हे माझ्यासारख्या जागरणाची सवय असलेल्या माणसालाही जाणवलं. दर तासाने चालक बदलणं शक्य असेल तर जरूर बदला, आणि निघण्याआधी टायरची हवा बघून घ्या. थंडीच्या तोंडावर हा प्रवास करण्याचं सुख वेगळंच आहे. बुलढाणा, वाशिमकडे सोयाबीन निघून गेलेलं असतं, तूर पिवळ्या फुलांवर आलेली असते आणि वर्ध्याच्या बाजूला पोचेपर्यंत दोन्हीकडे पांढरा कापूस फुटलेला दिसतो, त्यात पाठीला ओटी बांधून वेचणी करणाऱ्या बाया. आई तो सगळा वेळ खिडकीला नाक लावून बसली होती.

एका दमात जाऊ नका. मेहकरला समृद्धीवरून उतरून लोणारला मुक्काम करा, आम्ही दोन्ही वेळा तेच केलं. उल्कापाताने बेसॉल्टमध्ये झालेलं ते विवर पहाटेच्या उन्हात काठावरून बघायचं आणि मग पुढे निघायचं. २०२० मध्ये लोणारला महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळालं, आणि त्या खळग्यातली झाडी व पक्षी बघितले की ते का मिळालं ते कळतं. लोणारहून ताडोबाला जायचं तर वर्ध्याजवळ समृद्धी सोडून जाममार्गे वरोरा. पेंचला जायचं तर थेट नागपूर, आणि तिथून जबलपूरच्या रस्त्याला लागायचं. वेळ जवळपास सारखाच लागतो. वरोऱ्याला आनंदवन वाटेवर आहे, तिथे दोन तास काढाच. पेंचकडे जाताना मनसर आणि रामटेक लागतं. मनसरचे वाकाटककालीन अवशेष टेकडीवर आहेत आणि चढ सोपा आहे.

आता जनावरांचं. शरदात जंगलात जाणाऱ्याने एक गोष्ट मनाशी आधीच ठरवून जावी: हा वाघ दिसण्याचा सर्वांत सोपा काळ नाही. ओढ्यानाल्यांना सगळीकडे पाणी असतं, त्यामुळे उन्हाळ्यासारखं पाणवठ्यावर जनावर येईलच असं नाही. गवत माणसाच्या छातीपर्यंत असतं, वाघ दहा फुटांवर बसला असेल आणि आपण पुढे निघून जाऊ. पण त्या दिवसांत जंगल ओलं, गडद आणि भरलेलं असतं. ऐनाच्या दोन झाडांमध्ये वीतभर मोठ्या कोळ्यांनी विणलेली जाळी असतात आणि सकाळच्या उन्हात ती सोनेरी दिसतात. मोरांचे पिसारे झडून गेलेले असतात. चितळांच्या नरांच्या शिंगांवर अजून मखमल असते. माझ्या मुलीला वाघापेक्षा ती मखमलच जास्त लक्षात राहिली.

या बाबतीत ताडोबाचं पारडं जड आहे, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. आम्ही तीन सफाऱ्या केल्या आणि दोन वेळा वाघ बघितला. पहिल्याच संध्याकाळी तेलिया तलावाच्या बाजूला एक वाघीण रस्त्याच्या कडेने, जिप्सीकडे ढुंकूनही न बघता, आमच्यासमोरून पन्नास पावलं चालत गेली. आई हात जोडून बसली होती, तिला दुसरं काही सुचलंच नाही. १९५५ मध्ये झालेलं हे राज्यातलं सर्वांत जुनं राष्ट्रीय उद्यान, आणि तिथले वाघ गाड्यांना सरावलेले आहेत. शिवाय ताडोब्याला स्वतःची एक आठवण आहे. मोहर्लीकडून तलावाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला गोंड राजवटीतले दगडी खांब अजून उभे आहेत, तलावाकाठी तारू या आदिवासींच्या देवाचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी तिथे जत्रेला येतात. फक्त वाघ बघायचा असेल, आयुष्यात पहिल्यांदाच जात असाल आणि पुन्हा इतक्या लांब येणं होईल की नाही याची खात्री नसेल, तर पुढचं वाचण्याची गरज नाही. ताडोबाला जा. मंगळवारी तिथे सफारी नसते, एवढं फक्त तारखा ठरवताना लक्षात ठेवा.

पेंचमध्ये आम्हाला तीन सफाऱ्यांमध्ये वाघ एकदाच दिसला, आणि तोही गवतातून दोन कान आणि पाठीचा पट्टा एवढाच. पण दुसऱ्या सकाळी रानकुत्र्यांचं, म्हणजे कोळसुंद्यांचं, अख्खं टोळकं ओढ्याच्या वाळूत खेळताना अर्धा तास बघायला मिळालं. त्या अर्ध्या तासात तिथे आमच्याशिवाय एकच गाडी होती. आमचे गाईडदादा देवलापारकडचे. मी पुढे जाऊया का म्हणून विचारलं तर हळूच म्हणाले, "थांबा जी, चितळच सांगन आपल्याले." आणि खरंच, पाच मिनिटांत पलीकडून चितळाने आवाज दिला, सगळी कोळसुंदी एकदम कान टवकारून उभी राहिली आणि बघता बघता सागाच्या झाडीत नाहीशी झाली. पांढऱ्या खोडाचं कुलूचं झाड, ज्याला तिथले लोक भुताचं झाड म्हणतात, ते त्यांनी मुलीला दाखवलं, आणि परतीच्या वाटेवर ती अशीच झाडं मोजत होती.

एवढ्यावर मला निवड करता आली नसती. निवड झाली ती एका पहाटेमुळे.

ताडोब्याला आत जायची दारं जंगलाच्या चारी बाजूंना विखुरलेली आहेत. मोहर्ली दक्षिणेला, कोलारा उत्तरेला, शिवाय नवेगाव, पांगडी, झरी, खुटवंडा. आतून एका दाराने शिरून दुसऱ्या दाराने बाहेर पडायची सोय प्रवाशाला नाही, आणि ती नसणंच योग्य आहे. पण त्याचा अर्थ पुण्यातून बुकिंग करताना मला नीट उमगला नव्हता. दिवाळीनंतरच्या गर्दीत मोहर्लीची संध्याकाळ मिळाली, दुसऱ्या दिवशीची सकाळ मात्र कोलाऱ्याची. नकाशावर दोन्ही ठिकाणं बोटभर अंतरावर दिसली. प्रत्यक्षात भद्रावती, वरोरा, चिमूर असा जंगलाला वळसा घालून जावं लागलं, जवळपास शंभर किलोमीटर. सहाच्या आत गेटवर पोचायचं म्हणून आम्ही तीनला उठलो. मुलीला झोपेतच उचलून गाडीत ठेवलं.

चिमूरच्या अलीकडे रस्ता अरुंद होतो आणि दोन्ही बाजूंना शेतं नि झुडपं. सव्वाचारच्या सुमाराला दिव्यांच्या झोतात एकदम एक रोही, म्हणजे नीलगाय, आली. मोठी मादी, आणि तिच्यामागे पिल्लू. मी ब्रेक दाबला, आईचा हात पुढच्या सीटवर आपटला, गाडी थोडी तिरकी होऊन थांबली. मादी रस्ता ओलांडून गेली. पिल्लू मात्र दिव्यांकडे बघत डांबरावर तसंच उभं राहिलं. मी दिवे बंद केले आणि आम्ही अंधारात बसून राहिलो. किती वेळ, सांगता येणार नाही. पुन्हा दिवे लावले तेव्हा ते गेलेलं होतं. पुढचं सगळं अंतर मी ताशी तीसच्या वर गेलो नाही, आणि दर वळणावर वाटत होतं की आपण या जनावरांना बघायला पाचशे मैलांवरून आलो आणि त्यांच्याच वेळेला, त्यांच्याच वाटेवर गाडी घेऊन घुसलो आहोत. कोलाऱ्याची ती सफारी चांगली झाली, दुसरा वाघ तिथेच दिसला. मुलगी तेव्हा माझ्या मांडीवर झोपली होती.

यात दोष कुणाचाच नाही. एकाच दाराजवळ राहून सगळ्या सफाऱ्या तिथूनच घेतल्या तर हा प्रसंग येणार नाही, आणि दोन-तीन महिने आधी ठरवणाऱ्याला ते जमतंही. पण आपल्यापैकी बहुतेकांची रजा दसऱ्यानंतर नक्की होते, आणि मग जे दार मिळेल ते घ्यावं लागतं.

पेंचला हे दुखणं जवळजवळ नाही. जंगल दोन राज्यांत पसरलेलं आहे, आणि पूर्वेकडची महत्त्वाची दारं एकाच राष्ट्रीय महामार्गाला, म्हणजे ४४ क्रमांकाला, लटकलेली आहेत. आम्ही खुर्सापारजवळ राहिलो. सिल्लारी मागे अर्ध्या-पाऊण तासावर, आणि सीमा ओलांडून खवासावरून मध्य प्रदेशातलं तुरिया त्याहून जवळ. दोन्ही राज्यांचं बुकिंग वेगवेगळं करावं लागतं, पण एका दाराला जागा नसली तर दुसरं मिळतं आणि मुक्काम हलवावा लागत नाही. पाचला उठलो तरी चालत होतं. कोलितमारा मात्र यात धरू नका. ते पारशिवनीच्या बाजूला आहे आणि त्याचा रस्ता पूर्ण वेगळा.

आणि तो महामार्ग. पेंचच्या जंगलातून तो चौपदरी करताना महाराष्ट्राच्या हद्दीत नऊ ठिकाणी रस्ता उचलून घेतलाय, म्हणजे गाड्या वरून आणि जनावरं खालून. त्यातला सर्वांत लांब भाग ७५० मीटरचा आहे. भारतीय वन्यजीव संस्थेने खाली कॅमेरे लावून पाहिलं तेव्हा वाघ, कोळसुंदी, चितळ, गवे सगळेच तिथून ये-जा करताना टिपले गेले. हा रस्ता व्हावा की नाही यावर न्यायालयात वर्षानुवर्षं वाद झाला आणि हे उन्नत मार्ग त्या भांडणातून आले. आदल्या वर्षीची ती पहाट डोक्यात असताना मी पहिल्यांदा त्या पुलावरून गाडी नेली तेव्हा नकळत वेग कमी केला. मुलीने विचारलं, "बाबा, आत्ता खाली कोणी असेल?" असेलही, म्हटलं. एवढ्या एका गोष्टीसाठी मला पेंचचा रस्ता जवळचा वाटतो. कुणाला हे निवडीचं कारण म्हणून पुरेसं वाटणार नाही, आणि ते मला मान्य आहे.

रात्रीचंही सांगायला हवं, कारण सफारीचे सात-आठ तास सोडले तर उरलेला दिवस आपण काय करतो यावरही सहल ठरते. ताडोब्याला आम्ही संध्याकाळी जेवून झोपलो. महाराष्ट्रातल्या पेंचला जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली आहे. सिल्लारीजवळ वाघोडा तलावाकाठी दुर्बीण लावलेली वेधशाळा आहे आणि आसपासच्या गावांतले दिवे खालच्या बाजूला झाकलेले आहेत. पाऊस सरल्यावर हवेतली धूळ बसलेली असते, थंडीचं धुकं अजून सुरू झालेलं नसतं. पुण्यात आम्हाला गच्चीवरून कृत्तिकांचा नुसता पुसट ठिपका दिसतो. तिथे आईने सहा तारका बोटाने मोजल्या आणि लहानपणी गावी सात मोजायचो म्हणाली. थोड्या वेळाने मृग नक्षत्र वर आलं. मागे तलावाकडून सांबराचा आवाज येत होता.

त्यामुळे वाघ हाच एकमेव हेतू असेल तर ताडोबा, आणि तेही एकाच दाराची सगळी बुकिंग हातात असताना. लहान मूल, वयस्क आई-वडील, उशिरा मिळालेली रजा, आणि वाघ दिसला नाही तरी चालेल अशी मनाची तयारी असेल तर मी पेंच सुचवेन. कान्हा तिथून आणखी काही तासांवर आहे, पण पाच दिवसांत तो जोडू नका, सगळा वेळ गाडीतच जाईल.

तारखांबद्दल एवढंच. त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकची यात्रा बघण्यासारखी असते, पण तेव्हा चांदण्यात तारे हरवतात. लक्ष्मीपूजनाची अमावास्या आकाशासाठी उत्तम, पण त्या आठवड्यात सगळीकडे गर्दी. देवदिवाळीच्या आधीचे चार दिवस, म्हणजे कार्तिक अमावास्येच्या अलीकडचे, दोन्ही दृष्टींनी चांगले. शाळा सुरू झालेल्या असतात, म्हणून मुलांची दोन दिवसांची रजा मागावी लागते. आम्ही यंदा तेच दिवस धरलेत. सिल्लारीच्या दोन सकाळी मिळाल्या आहेत, आणि संत्र्यांचा आंबिया बहार तेव्हा बाजारात असतो, म्हणून येताना नागपूरला एक पेटी गाडीत ठेवायची असं आईने आत्तापासूनच सांगून ठेवलंय.