दोन खोल्या, दोन कुलपं, एकच चावी

धाकट्या दिराचं लग्न ठरलं तेव्हा घरात दारांचा विषय निघणारच होता, पण उघड कुणी बोलेना. लातुरातलं आमचं घर जुनं. माणसांचा राबता मोठा, लेकरं कुठूनही कुठं घुसणारी, आणि झोपायच्या खोल्यांच्या कड्या अशा की बाहेरून जरा ढकललं की खळ्ळकन निघायच्या. सासूबाईंना कुलपाचं नावसुद्धा खपलं नाही. "कशाला पायजे गं कुलूप? घरात काय चोर हायेत का?" दीर मान खाली घालून बसले. शेवटी "वहिनी, तुम्हीच बघा" म्हणून काम माझ्याकडं आलं.

कुलपं बसवणाऱ्या मिस्त्रीनं आम्हाला फसवलं ते हाच संकोच हेरून, म्हणून एवढं सांगितलं. नवरा-बायकोच्या खोलीच्या दाराबद्दल कुणी चार दुकानांत भाव काढत फिरत नाही. बसवल्यावर घरातल्यांना बोलावून "बघा कसं लागतंय" असंही कुणी दाखवत नाही. काम गुपचूप उरकायचं असतं, आणि गुपचूप कामात मिस्त्रीचं फावतं.

तो पाव्हण्यांच्या ओळखीतून आला होता. हात चांगला होता, खोटं कशाला बोलू. दारं ठोकून बघितली आणि म्हणाला, "ताई, आता कड्या कोण बसवतंय? कंप्युटर चावीचं टाका. डुप्लिकेट निघतच न्हाई. माल मीच आणतो, होलसेलमधी." आमची खोली आणि दिरांची खोली, दोन कुलपांचे ५,६०० रुपये आगाऊ, मजुरी वेगळी. बिलाचं विचारलं तर "बिल घेतलं की जीएसटी लागंल, उगं कशाला?" डबे नावाजलेल्या कंपनीचे दिसत होते. दोन्ही दारं संध्याकाळपर्यंत बसली, चाव्या हातात आल्या, लग्नाच्या घाईत विषय संपला.

लग्नानंतर एका दुपारी मी आतून कुलूप लावून जरा आडवी झाले होते. बाहेरून चावी फिरल्याचा आवाज आला, दार उघडलं, आणि मधल्या जावेचा चार वर्षांचा पोरगा फुशारकीनं आत! हातात नव्या नवरीच्या खोलीची चावी. मग आम्ही चाव्या अदलून-बदलून लावल्या. कुठलीही चावी कुठल्याही दाराला. धाकटीचा चेहरा बघवेना. बिचारी महिनाभर त्या दारामागं निर्धास्त झोपत होती.

दुसऱ्या सुताराला बोलावलं. दाराच्या कडेला जी पट्टी असते, तिच्यातला एक लांब स्क्रू काढून चावी जरा फिरवली की सिलिंडर, म्हणजे चावी जाते तो भाग, बाहेर येतो. त्यानं तो काढून चुंबक लावलं. चुंबक टक्कन चिकटलं. पितळेला चुंबक चिकटत नाही, आणि आम्हाला 'सॉलिड पितळ' म्हणून दिलेलं. आतल्या पिना, म्हणजे चावी बसली की सरकतात त्या बारीक खुंट्या, खाली पाडल्या तर पाच भोकांपैकी दोनच भरलेली. पिना जितक्या कमी तितके चाव्यांचे वेगळे नमुने कमी, म्हणूनच एका कुलपाच्या चावीनं दुसरं उघडत होतं. चौकटीत बोल्ट, म्हणजे कुलपाचा दांडा, जेमतेम दोन सूत, पाव इंच, शिरत होता. भोक मोठं पडलं ते भुसा आणि गोंदानं बुजवून वर पट्टी मारलेली.

डबे माळ्यावर होते ते उतरवले. किमतीवर चिठ्ठी चिकटवलेली. नखानं खरवडली तर खाली छापील १,१५०. छापील किमतीवर चिठ्ठी लावून ती वाढवता येत नाही, वैधमापन खात्याकडं, म्हणजे वजनमापं तपासणाऱ्या सरकारी खात्याकडं, त्याची तक्रार होते. डब्यावर लिहिलं होतं 'चाव्या तीन'. आमच्या हातात प्रत्येकी दोनच आल्या होत्या. किमतीचा राग येतो आणि जातो, पण त्या दोन चाव्या कुठं आहेत हे आठवलं की आजही पोटात गोळा येतो.

१९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन केला. जिल्हा ग्राहक आयोगात ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्याच्या तक्रारीला फी नाही, वकीलही लागत नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नसलं तरी पैसे फोनवरून पाठवल्याची नोंद आणि त्याचे मेसेज होते, डबे आणि चिठ्ठ्याही जपल्या. घरचे मात्र आयोगापर्यंत जायला तयार झाले नाहीत. "बेडरूमच्या दारासाठी कोर्टात जाता का?" पुन्हा तोच संकोच!

खोलीला खरं तर बाहेरून चावी लागतच नव्हती. आता बाथरूमला असतो तसला बेबी लॅच बसवलाय: आतून खुंटी फिरवायची, बाहेरून नाण्यानं उघडायची खाच. लेकरू आत अडकलं तर दार फोडावं लागत नाही. आणि खाच आहे हे फक्त मोठ्यांना सांगितलंय. लॅच दुकानातून मीच आणला, बिलासकट, आणि सुताराला फक्त मजुरी दिली. कपाटासाठी कुलूप घ्यायचं झालंच तर डब्याचं सील स्वतः फोडते, चाव्या दुकानातच मोजते, आणि दोन कुलपं घेतली की एकाची चावी दुसऱ्याला घालून बघते. दुकानदार हसतो, हसू दे.

त्या मिस्त्रीचा नंबर आता लागत नाही. पण पाव्हण्यांकडून कळलं, आमच्या पलीकडच्या गल्लीत नव्या इमारतीतल्या दारांचं काम त्यानंच घेतलंय, मालासकट. म्हणून हे लिहिलं.