शाया, शाळा की स्कूल? जूनच्या आधी ठरवणाऱ्या खान्देशी आईबापांसाठी

मी अध्यापक विद्यालयात बालमानसशास्त्र शिकवते. त्यामुळे मे महिना सरत आला की नात्यातले फोन सुरू होतात. हिच्याकडे उत्तर तयार असणार, असा सगळ्यांचा समज आहे. यंदाचा पहिला फोन अमळनेरच्या भाचीचा. घरात सासू-सासरे अहिराणी बोलतात, नवरा-बायको अर्धी अहिराणी, अर्धी मराठी. पोरगी सहा वर्षांची. "मावशी, झेडपीत घालू, सेमीला घालू की इंग्लिश मीडियमला? आणि घरातली अहिराणी बंद करू का आता?"

तिच्या दृष्टीने दुसरा प्रश्न सहज जाता जाता विचारलेला. माझ्या दृष्टीने तोच पहिला.

घरात अहिराणी की "शुद्ध" मराठी

1984 साली कॅनडात जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी एक प्रयोग केला, तो आपल्याला फार जवळचा आहे. त्यांनी तान्ह्या बाळांना हिंदीतला त आणि ट ऐकवला. इंग्रजी घरातल्या सहा ते आठ महिन्यांच्या बाळांना हा फरक कळत होता, त्यांच्या आईबापांना मात्र धड कळत नव्हता. बाळं वर्षाची होत आली तोवर त्यांच्याही कानाने तो फरक सोडून दिला, कारण घरात त्याचा उपयोगच नव्हता. कान घरच्या भाषेला असा लागतो.

आता आपल्याकडचा ळ घ्या. डोळ्याला डोया, केळीला केयी आणि शाळेला शाया म्हणणाऱ्या घरातली पोरगी पहिलीच्या वर्गात "शाया" म्हणाली, तर ती चुकत नाही, घरी जे ऐकलं तेच बोलते आहे. ळ ऐकून ऐकून येतो. वर्ग हसला तर मात्र पोरगी ळ शिकायच्या आधी गप्प बसायला शिकते. ते मी बऱ्याच वर्गांत मागच्या बाकावर बसून पाहिलंय.

अहिराणी बंद केली तर तिच्या जागी काय येतं, हे बघा. आजीकडे अहिराणीत कानबाईच्या गोष्टी असतात, शेतातली भांडणं असतात, चिडवाचिडवी असते. तीच आजी सुनेच्या धाकाने प्रमाण मराठी बोलायला लागली की उरतं "जेव, झोप, पडशील". पोराचा शब्दसंग्रह वाढतो तो समोरासमोरच्या लांबलचक बोलण्यातून. ती जागा मोबाइल भरून काढत नाही. पॅट्रिशिया कूल यांच्या 2003 च्या प्रयोगात अमेरिकेतल्या नऊ महिन्यांच्या बाळांशी चिनी भाषिक माणसं बारा वेळा प्रत्यक्ष खेळली, बोलली. बाळांना मँडरिनचे आवाज ओळखता यायला लागले. तीच माणसं, तेच बोलणं पडद्यावर दाखवलं, तेव्हा काहीच पदरात पडलं नाही. इंग्रजी बडबडगीतं लावून पोराला खाटेवर बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

दोन भाषांनी पोरगं गोंधळतं, हा समज जुना. 1962 साली माँट्रियलमध्ये पील आणि लँबर्ट यांनी दहा वर्षांची मुलं तपासली. दोन्ही भाषा नीट येणारी मुलं मागे नव्हती, उलट पुढेच निघाली. तेव्हापासून उलटं टोकही गाठलं गेलं आहे. दोन भाषांनी मेंदू तल्लख होतो, असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. त्या दाव्यावर संशोधकांचंच एकमत नाही, तेव्हा त्याच्या भरवशावर काही करू नका. पण "माले पाणी दे" असं मिसळून बोलणारं पोर बिघडलेलं नाही. दोन डब्यांतून लागेल ते काढतं आहे, एवढंच.

एक सूचना इथेच देते. पोरगं सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द बोलत नसेल, किंवा दोन वर्षांचं होऊनही "पाणी दे" अशी दोन शब्दांची जोडी लावत नसेल, तर दोष दोन भाषांच्या माथी मारून वाट पाहू नका. आधी कान तपासून घ्या.

आता शाळा

वाचनात मराठीचं पारडं जड आहे. 2003 साली सीमूर आणि सहकाऱ्यांनी युरोपातल्या तेरा भाषांतली पहिलीची मुलं तपासली. जिथे लिहितात तसंच वाचतात, अशा बहुतेक भाषांतली मुलं वर्षअखेरीला ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडमधली इंग्रजी वाचणारी मुलं 34 टक्क्यांवर होती. इंग्रजी त्यांची घरची भाषा असूनही! देवनागरी त्या तेरांत नव्हती, पण आपली लिपीही बोललं तसं लिहिण्याच्या बाजूची. अर्थात बाराखडी आणि जोडाक्षरांचा पसारा मोठा आहे. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासात अक्षरांवर पूर्ण पकड यायला चौथीपर्यंतचा काळ जातो, असं दिसतं. तेव्हा दुसरीत "क्ष्म" अडला म्हणून शाळा बदलू नका.

अंकांत मात्र इंग्रजी सोपी, हे मराठीप्रेमींनी मान्य करावं. ट्वेंटी-नाइन म्हणजे वीस आणि नऊ, सरळ. आपलं एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. चिनी भाषेत अकराला "दहा-एक" म्हणतात. 1995 च्या एका तुलनेत दहापर्यंत चिनी आणि अमेरिकी मुलं बरोबरीने मोजत होती, अकरा ते एकोणीस या टप्प्यावर अमेरिकी मुलं मागे पडली. 2019 मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात "वीस एक, वीस दोन" आणलं, त्यामागे हाच विचार होता. टीव्हीवर त्याची चार दिवस टिंगल झाली. मला तो बदल शहाणपणाचा वाटला होता, अजूनही वाटतो.

पण गणित आकड्यांवर संपत नाही. धुळ्यात आमच्या शेजारची दुसरीतली पोरगी इंग्रजी शाळेत जाते. एकदा गृहपाठ घेऊन आली. राजूकडे बारा आंबे होते, पाच दिले, "हाऊ मेनी आर लेफ्ट?" बराच वेळ पेन्सिल चावत बसली. मी विचारलं, काय अडलं? म्हणाली, "लेफ्ट म्हणजे डावा ना? डाव्या हातात किती ते कसं कळणार?" ओट्यावरून तिची आजी म्हणाली, "अवं, कितला ऱ्हायनात?" पोरगी म्हणाली, "सात." एका सेकंदात. वजाबाकी तिला येत होती, लेफ्ट येत नव्हतं. तपासणाऱ्या बाईंनी मात्र ती चूक गणितात धरली असती.

जिम कमिन्स यांनी कॅनडात आलेल्या स्थलांतरितांच्या मुलांचा अभ्यास करून सांगितलं, की खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा दोनेक वर्षांत येते. धडे समजून घ्यायला, उत्तरं लिहायला लागणारी भाषा पक्की व्हायला पाच ते सात वर्षं जातात. त्या मुलांच्या गल्लीत, दुकानात, बसमध्ये सगळीकडे इंग्रजी होती. चोपडा-पारोळ्याच्या पोराला इंग्रजी भेटते ती वर्गात, तीही बऱ्याचदा घोकंपट्टीच्या रूपात. म्हणून "लवकर घातलं की पोपटासारखं बोलेल" हे अर्धं खरं. पोपटासारखंच बोलेल.

मग परक्या माध्यमात कुणाचं भलंच होत नाही का? होतं. कॅनडातच सेंट लँबर्टला 1965 पासून इंग्रजी घरातल्या मुलांना सगळं फ्रेंचमधून शिकवलं. त्यांची फ्रेंच उत्तम झाली आणि इंग्रजीही मागे पडली नाही. पण तिथे घरची भाषा मानाची होती, आईबाप त्याच भाषेत वाचून दाखवत होते आणि शिक्षकांना दोन्ही भाषा येत होत्या. या तीन गोष्टी तुमच्याकडे असतील तर इंग्रजी माध्यमाला माझी हरकत नाही. नसतील, आणि शाळा मराठी बोललं की दहा रुपये दंड घेत असेल (अशी एक मला माहीत आहे, नाव घेत नाही), तर फी कशाची भरताय?

खासगी म्हणजे चांगली, हे गणितही तपासून घ्या. आंध्र प्रदेशात 2008 पासून 180 गावांत चिठ्ठ्या काढून काही मुलांची खासगी शाळेची फी भरली गेली. चार वर्षांनी ती मुलं आणि चिठ्ठी न लागलेली मुलं तेलुगूत आणि गणितात सारखीच निघाली. हिंदी तेवढं खासगीतल्यांचं चांगलं होतं.

सेमीबद्दल थोडक्यात. गणित-विज्ञान इंग्रजीतून, बाकी मराठीतून. प्रत्यक्षात बाई सांगतात, "डिनॉमिनेटर सेम असला की नुसत्या न्यूमरेटरची बेरीज करायची." लोक याला हसतात. मला यात वाईट काही दिसत नाही, समजावणं पोराच्या भाषेत होतं आणि पुढे लागणारे शब्द कानावर पडतात. पहिलीपासूनचं सेमी मला घाईचं वाटतं. पाचवीपासून चांगलं. इंग्रजी विषय म्हणून तर 2000 पासून झेडपीतही पहिलीपासूनच आहे.

झेडपीचं दुखणं भाषेचं नाही, माणसांचं आहे. दोन शिक्षक, चार वर्ग, त्यात निवडणुकीची कामं. म्हणून माध्यम ठरवायच्या आधी शाळेत जाऊन अर्धा तास बसा. दुसरीतल्या एखाद्या पोराला त्याने न पाहिलेलं पुस्तक द्या आणि वाचायला सांगा. मग त्यातलं काय कळलं, ते त्याच्या घरच्या बोलीत विचारा. आणि त्या अर्ध्या तासात पोरांनी आपणहून किती प्रश्न विचारले, ते मोजा.

धडगाव-अक्कलकुव्याकडच्यांना हा सगळा हिशेब वेगळा मांडावा लागेल. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या पोराला मराठी माध्यम हेच परकं माध्यम असतं. तिथे पहिली दोन वर्षं बोली येणारा शिक्षक आहे का, एवढं एकच बघा.

भाचीला मी सांगितलं, चौथीपर्यंत गल्लीतल्या झेडपीत घाल, कारण पहिलीच्या बाई अहिराणी बोलणाऱ्या आहेत आणि पट सव्वीसचा आहे. पाचवीला सेमी. तिला पटलं. जावईबापूंनी मात्र त्याच्या आधीच्या आठवड्यात इंग्रजी शाळेत पाच हजार भरून ठेवले होते. पावती त्यांच्या पाकिटात आहे. परत मिळत नाहीत म्हणे.