सुमो बघायला लागायचंय, पण कसं? क्लिपा, हायलाइट्स, लाइव्ह की थेट तिकीट

सुमोचा नाद लागायला एखादी कुस्ती पुरते, पण तो टिकतो बाशोवर. बाशो म्हणजे पंधरा दिवसांची स्पर्धा, वर्षात सहा, जानेवारी मार्च मे असं एकाआड एक महिन्यात, रविवारी सुरू रविवारी खलास. वरच्या दोन गटांतला पैलवान रोज एक कुस्ती खेळतो, नॉकआउट वगैरे भानगड नाही, हरलात तरी उद्या परत यायचंय. शेवटी 15 पैकी 8 जिंकल्या तर बांझुकेवर म्हणजे रँकिंगच्या यादीत साधारण वर, 7 वर अडकलात तर खाली. हे गणित डोक्यात ठेवून पुढचे पर्याय बघा, कारण माझ्या मते कोणता पर्याय चांगला हे एवढ्यावरूनच ठरतं, की त्यातून पंधरा दिवसांचा धागा हाताला लागतो की नाही.

बहुतेक लोक रील्समधून येतात. उरा नावाचा छोट्या चणीचा, गुलाबी मावाशीवाला (मावाशी म्हणजे कमरेचा जाड पट्टा) पैलवान कुणाच्या तरी काखेखालून सटकतो आणि समोरचा धिप्पाड गडी तोंडावर आपटतो, ते बघून माणूस खूश होतो. मजा आहेच, वजनगट नसल्याने असले सामने खरंच लागतात. पण अधिकृत डाव 82 असले तरी रोज दिसतात ते जास्त करून योरिकिरी आणि ओशिदाशी, म्हणजे मावाशी धरून बाहेर काढणे किंवा नुसतं ढकलून बाहेर काढणे, आणि रील्सवर वाढलेल्या माणसाला ते दोन दिवसांत बोअर होतं. त्याला माहितीच नसतं की ढकलला गेलेला तो पैलवान 7-7 वर होता आणि ही शेवटच्या दिवसाची कुस्ती होती.

तेरुनोफुजीचं बघा. ओझेकी होता, म्हणजे वरून दुसरी रँक. गुडघे गेले, त्यात आजारपण, खेळलाच नाही तर रँक घसरणारच, आणि तो घसरत घसरत 2019 मध्ये खालून दुसऱ्या गटात, जोनिदानमध्ये जाऊन पोचला, जिथे पगारसुद्धा नसतो. तिथून परत चढला, जुलै 2020 ला वरच्या गटाची स्पर्धा जिंकली आणि 2021 मध्ये योकोझुना झाला, म्हणजे सगळ्यात वरची रँक. आता याची क्लिप कुठली काढणार? एकेक कुस्ती सुटी बघितली तर एक जाडा माणूस दुसऱ्या जाड्या माणसाला बाहेर काढतोय एवढंच दिसतं.

मग हायलाइट्स. एनएचके वर्ल्ड जपानचा रोजचा साधारण 25 मिनिटांचा इंग्रजी प्रोग्राम असतो, फुकट, त्यांच्या साइटवर आणि अॅपवर, बाशो चालू असेल तेव्हा. वरच्या गटात, माकुउचीत, 42 पैलवान म्हणजे दिवसाला वीस-एकवीस कुस्त्या, त्यातल्या बहुतेक यात येतात, प्रत्येकाचा त्या दिवसापर्यंतचा हिशोब दाखवतात, कॉमेंट्री नवख्याला समजेल अशी. नोकरी-धंदा असणाऱ्या माणसाला हे झकास. तोटा एकच पण मोठा आहे, वेळ वाचवायला शिकिरी कापतात. शिकिरी म्हणजे भिडण्याआधीचं सगळं, मीठ फेकणं, खाली बसून एकमेकांकडे रोखून बघणं, परत उठून कोपऱ्यात जाणं, परत मीठ. माकुउचीत याला चार मिनिटांची मर्यादा आहे आणि खरी कुस्ती कित्येकदा दहा सेकंदांत संपते. हायलाइट्समध्ये ते दहा सेकंदच उरतात.

लाइव्हमध्ये ही चार मिनिटं मिळतात. पहिले दोन दिवस फोन बघत बसाल, पाचव्या दिवशी लक्षात यायला लागतं की हा पैलवान आज नजर चुकवतोय, हा मीठ मूठ भरून उधळतोय, आणि पब्लिकचा आवाज चढत जातो तो वेगळाच. योकोझुना हरला की बसायच्या उशा हवेत उडतात (टाकू नका अशी सूचना असते, लोक टाकतात). जपान आपल्यापुढे साडेतीन तास, तिथे चारनंतर माकुउचीच्या कुस्त्या आणि सहाला संपतं, म्हणजे आपल्याकडे साडेबारा ते अडीच. घरून काम करणाऱ्यांचं जेवण त्यात बसतं, ऑफिसवाल्यांचं अवघड आहे. लंडनमधल्या मंडळींना सकाळच्या चहाला जमतं, न्यू जर्सीवाल्यांनी नाद सोडावा, तिथे तेव्हा मध्यरात्र उलटून गेलेली असते. एनएचके वर्ल्ड लाइव्ह दाखवतं ते निवडक दिवशीच, त्यामुळे शेड्यूल आधी बघून ठेवा.

माझं विचाराल तर पहिला अख्खा बाशो हायलाइट्सवर काढा, एकही दिवस न गाळता, बांझुके शेजारी उघडी ठेवून. लाइव्ह मिळेल तेवढं शेवटच्या वीकेंडला बघा. वरच्या कुस्त्यांच्या जोड्या आधीपासून ठरलेल्या नसतात, स्पर्धा पुढे सरकते तशा लावतात, त्यामुळे शेवटच्या दोन-तीन दिवसांत कोण कोणाला भिडतं यातच निम्मी मजा असते. मधल्या वेळात सुमो असोसिएशनचं सुमो प्राइम टाइम हे इंग्रजी यूट्यूब चॅनेल चाळत बसा. आणि फॅन व्हायचं तर फक्त योकोझुनाचे होऊ नका. होशोर्यू आणि ओनोसातो दोघंही 2025 मध्ये योकोझुना झाले, पहिला माजी योकोझुना असाशोर्यूचा पुतण्या, दुसरा पदार्पणापासून 13 स्पर्धांत तिथे पोचलेला, दोघं भारीच आहेत, पण मधल्या माएगाशिरांतला (माएगाशिरा म्हणजे माकुउचीतली सगळ्यात खालची रँक) एक निवडा ज्याला आठवी जिंकताना घाम फुटतो. मग दररोज काहीतरी पणाला लागलेलं असतं. आपल्याकडे कुठल्या तालमीचा पठ्ठ्या म्हणून पैलवान ओळखतात तसं तिथे हेया, एका हेयाचे दोघे टायब्रेक सोडून एकमेकांशी लढत नाहीत, तेही हळूहळू कळत जातं.

न आवडणाऱ्या गोष्टीही सांगतो. या 7-7 च्या गणितातूनच फिक्सिंगही झालंय, 2011 चा मार्च बाशो त्या प्रकरणात रद्द झाला होता. आणि बायकांना दोह्योवर म्हणजे कुस्तीच्या रिंगणात पाय ठेवता येत नाही, प्रोफेशनल सुमोत त्या नाहीतच. मुंबईची हेतल दवे भारताकडून सुमो खेळली ते अॅमॅच्युअर सुमोत, ते जग वेगळं.

आता जपानला जायचंच असेल तर. टोकियोत जानेवारी, मे, सप्टेंबर असे तीन बाशो, रयोगोकू कोकुगिकानमध्ये, स्टेशनच्या अगदी शेजारी. पहिल्यांदा जाणाऱ्याने इथेच जावं, खास सुमोसाठी बांधलेली जागा आहे आणि तळघरात भाजलेली याकितोरीसुद्धा मिळते. ओसाकाचा मार्चचा बाशो उलथापालथीसाठी प्रसिद्ध, 2024 ला ताकेरुफुजीने माकुउचीतल्या पहिल्याच स्पर्धेत कप मारला, असं त्याआधी 1914 ला झालं होतं. नागोया जुलैत, उकाडा मरणाचा पण 2025 पासून नवं स्टेडियम आहे. नोव्हेंबरात फुकुओका, 2025 ला तिथे युक्रेनचा आओनिशिकी जिंकला आणि ओझेकी झाला. ट्रिप ज्या महिन्यात बसते तो बाशो घ्या, सुमोसाठी मुद्दाम फुकुओका गाठणं मला पहिल्या वेळेला जास्त वाटतं.

सीटचं मात्र नीट ठरवा. अगदी रिंगणाजवळची तामारी महाग, तिथे खाणं नाही, फोटो नाहीत आणि दीडशे किलोचा माणूस अंगावर येऊ शकतो. मासुसेकी म्हणजे चौघांचा चौकोन, बूट काढून उशीवर मांडी घालून बसायचं, फोटोत छान दिसतं पण चार मोठी माणसं घातली तर पाय कुठे ठेवायचे हा प्रश्न, दोघांनी घेतलं तर मस्त पण खिशाला चाट. दोघं असाल, किंवा बरोबर आईबाबा आणि त्यांचे गुडघे असतील, तर सरळ वरच्या मजल्यावरच्या खुर्च्या घ्या, बऱ्याच स्वस्त पडतात, दिसतं व्यवस्थित, छोटी दुर्बीण न्या. सकाळी खालच्या गटांच्या कुस्त्या चालू असतात तेव्हा हॉल रिकामा असतो, लवकर गेलात तर पोरसवदा पैलवान बघायला मिळतात, पण साडेआठपासून सहापर्यंत बसण्याची हौस सगळ्यांना नसते, एकच्या सुमाराला पोचलात तरी चालतं.

बाशोच्या तारखा जमल्याच नाहीत तर एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबरच्या आसपास जुंग्यो म्हणजे गावोगावचे दौरे असतात. तिथल्या कुस्त्या रेकॉर्डला धरत नाहीत त्यामुळे कोणी जीव तोडून लढत नाही, पण पैलवान जवळून दिसतात, शोक्किरी नावाचा विनोदी कुस्तीचा प्रकार असतो, लहान मुलं बरोबर असतील तर मी बाशोपेक्षा हेच सुचवीन. तिकिटं कुठलीही असोत, बाशोची साधारण महिनाभर आधी उघडतात आणि अलीकडे फार पटकन संपतात, म्हणून विमानाचं बुकिंग करण्याआधी असोसिएशनच्या इंग्रजी साइटवर विक्रीची तारीख बघून घ्या.